दोन-तीन सेकंदांच्या क्लिपची जिफ कशी करावी

मोदकाच्या मुखऱ्या कशा पाडायच्या हे लिहून सांगायला गेलं तर अर्धं पान लागतं, आणि तरीही अंगठा नेमका कुठे टेकवायचा ते वाचणाऱ्याला कळत नाही. व्हिडिओ पाठवला तर तो उघडावा लागतो, त्यातला आवाज सुरू होतो, आणि हवी ती चिमूट परत बघायची म्हटलं की पिठाच्या बोटांनी पट्टी मागे सरकवत बसावं लागतं. तीच चिमूट दोन सेकंदांची जिफ, म्हणजे आपोआप पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या चित्रांची फाइल, करून दिली तर ती समोर न थांबता फिरत राहते. साडीच्या निऱ्या, दोरीची गाठ, विज्ञानाच्या तासाचा लोलक, मोबाइलमधलं एखादं सेटिंग, अशी एकच छोटी कृती पुन्हा पुन्हा दाखवायची असेल तिथे जिफसारखी दुसरी सोय नाही.

ज्यांनी आजवर एकही जिफ केलेली नाही त्यांच्यासाठी हा लेख आहे. या विषयावरचं बहुतेक मार्गदर्शन 'ही वेबसाइट उघडा, व्हिडिओ चढवा, बटण दाबा' इथून सुरू होतं. बटण दाबणं सोपंच आहे. पण जिफ स्वच्छ आणि हलकी होणार, की मळकट, जड आणि अडखळणारी, हे क्लिप घेताना आणि कापताना ठरून गेलेलं असतं. म्हणून चित्रीकरण आणि कापणी यांवर मी जास्त बोलणार आहे आणि बटणांवर कमी.

जिफच्या आत काय असतं

अमेरिकेतल्या कॉम्प्युसर्व्ह या ऑनलाइन सेवा देणाऱ्या कंपनीने जून १९८७ मध्ये जिफ आणली. स्टीव्ह विल्हाइट यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने ती घडवली होती. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत प्रत्येक चित्र किती वेळ दिसावं हे ठरवण्याची आणि पारदर्शकतेची सोय आली. शेवटचं चित्र संपलं की परत पहिल्यापासून सुरू करण्याची सोय १९९५ मध्ये नेटस्केप ब्राउझरने जोडली. आजही फिरणाऱ्या जिफच्या फाइलमध्ये 'नेटस्केप २.०' ही अक्षरं लिहिलेली असतात.

हे सांगायचं कारण असं की जिफच्या सगळ्या मर्यादा त्या काळातून आल्या आहेत, आणि त्या माहीत असल्या की पुढची प्रत्येक पायरी आपोआप कळते.

पहिली मर्यादा रंगांची. जिफमधल्या एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग असतात. तुमच्या फोनचा व्हिडिओ लाखो छटा धरतो. त्यातल्या २५६ निवडायच्या आणि बाकीच्या त्यांच्यात बसवायच्या, हे रूपांतर करणाऱ्या साधनाचं मुख्य काम. संध्याकाळचं आकाश किंवा एका बाजूने उजेड पडलेली भिंत यांत छटा हळूहळू बदलत जातात, म्हणून तिथे जिफमध्ये पट्टे उमटतात.

दुसरी वेळेची. प्रत्येक चित्र किती वेळ दिसावं हे सेकंदाच्या शंभराव्या भागात लिहिलं जातं आणि तो आकडा पूर्णांक असावा लागतो. सेकंदाला १० चित्रं हवी असतील तर प्रत्येकाला १० शतांश, हिशेब चोख. १५ हवी असतील तर ६.६७ शतांश लागतात, ते लिहिता येत नाहीत. साधन ७ लिहितं आणि जिफ मूळ गतीपेक्षा सुमारे ५ टक्के हळू चालते. गती फार वाढवायला जाऊन हा आकडा शून्य किंवा १ झाला, तर बहुतेक ब्राउझर तो मानत नाहीत आणि १० शतांश धरतात. मग वेगवान करायला घेतलेली जिफ उलट रेंगाळते.

तिसरी मर्यादा आकाराची, म्हणजे फाइलच्या वजनाची. जिफ दाबून लहान करण्याची पद्धत चित्र ओळीओळीने वाचते आणि आधी येऊन गेलेले रंगांचे क्रम पुन्हा सापडले की ते थोडक्यात लिहिते. सपाट, एकरंगी भाग तिला फार आवडतात. कमी उजेडात फोनच्या चित्रात जी रवाळ खरखर येते, ती या पद्धतीची पार वाट लावते, कारण शेजारचे दोन ठिपकेही (पिक्सेल) सारखे राहत नाहीत.

आवाज तर जिफमध्ये नसतोच. ढोलाचा ठेका ऐकवायचा असेल तर व्हिडिओच पाठवा.

आता वजनाचा हिशेब एकदा मांडून बघा. फोनची नेहमीची क्लिप १९२० बाय १०८० ठिपक्यांची, म्हणजे एका चित्रात २०,७३,६०० ठिपके. सेकंदाला ३० चित्रं, तीन सेकंद, एकूण ९० चित्रं. एका ठिपक्याला एक बाइट धरला तर दाबण्याआधीचा माल सुमारे १८ कोटी ६६ लाख बाइट, म्हणजे १८७ एमबी. तीच क्लिप ४८० बाय २७० केली आणि सेकंदाला १० चित्रं घेतली तर ३८ लाख ८८ हजार बाइट, चार एमबीपेक्षा कमी. फरक ४८ पट. दाबल्यावर दोन्ही आकडे आणखी खाली येतात, पण प्रमाण साधारण तेच राहतं. रुंदी निम्मी केली की ठिपके एक चतुर्थांश होतात, हे एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

क्लिप घेताना

फोन हातात धरू नका. सगळ्या सूचनांमधली ही सर्वांत मोलाची. ट्रायपॉड असेल तर उत्तम, नाहीतर डब्याला टेकवा, पुस्तकांच्या गठ्ठ्यात अडकवा, काहीही करा, पण फोन हलता कामा नये. कारण चांगलं साधन जिफ बनवताना मागच्या चित्रापेक्षा जेवढं बदललं तेवढंच पुढच्या चित्रात साठवतं. फोन स्थिर असेल तर फक्त हात आणि मोदक बदलतात. मागचा ओटा, पातेलं, फरशी एकदाच साठवली जाते. हातात धरलेला फोन केसभर हलला तरी सगळी फरशी सरकते आणि प्रत्येक वेळी पूर्ण चित्र नव्याने साठवावं लागतं. एकाच कृतीच्या दोन जिफ, एक टेकवून घेतलेली आणि एक हातात धरून घेतलेली, यांच्या वजनात दुपटीहून जास्त फरक पडू शकतो.

जवळून घ्या. शेवटी चित्र ४८० ठिपक्यांच्या आसपास रुंद असणार आहे. दुरून घेतलेल्या स्वयंपाकघरात बोटं ओळखूही येत नाहीत. कृती चौकट भरून दिसली पाहिजे. मागे साधं काही असू द्या: एकरंगी ओढणी, रिकामी भिंत, स्टीलपेक्षा लाकडी पाट. स्टीलच्या ताटात हलणारी प्रतिबिंबं पडतात आणि तीही साठवावी लागतात. बारीक चौकड्यांचा शर्ट किंवा बारीक काठांची साडी लहान आकारात लुकलुकते. त्याऐवजी साधं कापड बरं.

उजेड भरपूर हवा, शक्यतो खिडकीचा. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, त्यामुळे ट्यूबलाइट आणि बरेच एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही. फोन मात्र सेकंदाला ३० चित्रं घेतो, आणि १०० ला ३० ने पूर्ण भाग जात नाही. म्हणून एका चित्रात खोली जरा उजळ, पुढच्यात जरा अंधारी, किंवा आडवे पट्टे सरकताना दिसतात. नुसत्या व्हिडिओत हे खपून जातं. जिफमध्ये भिंत प्रत्येक चित्रात बदलल्याने स्थिर ठेवलेल्या फोनचा सगळा फायदा बुडतो. रात्रीच घ्यायचं असेल तर कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर, म्हणजे एका चित्रासाठी उजेड घेण्याचा वेळ, सेकंदाचा १/५० किंवा १/१०० ठेवा. काही फोनमध्ये फ्लिकर कमी करायचं वेगळं सेटिंग असतं, तिथे ५० हर्ट्झ निवडा. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये व्हिडिओच्या खाली 'पाल' (PAL) फॉरमॅट दाखवण्याचा पर्याय आहे; तो चालू केला की सेकंदाला २५ चित्रांचा व्हिडिओ घेता येतो आणि तो आपल्या विजेशी जुळतो.

सुरुवात करण्याआधी स्क्रीनवर विषयावर बोट दाबून धरा आणि फोकस व उजेड कुलूपबंद करा. नाहीतर गोरी उकड चौकटीत आली की फोन सगळं चित्र अंधारं करतो आणि हात मागे गेला की परत उजळतो.

आणखी एक सेटिंग नवशिक्यांना बुचकळ्यात पाडतं. बऱ्याच नव्या फोनमध्ये एचडीआर व्हिडिओ (जास्त उजळ आणि गडद छटा टिपणारा) आपोआप चालू असतो. अशी क्लिप फोनवर झगझगीत दिसते आणि जिफ केल्यावर रंग उडालेला, राखाडी माल हातात येतो. क्लिप घेण्याआधी ते बंद करा.

आणि कृती एकदाच करून थांबू नका. चार-पाच वेळा सलग करा, त्याच जागी, त्याच गतीने. निवडायला वाव राहतो.

कुठून कुठे कापायचं

जिफ फिरताना सांधा दिसतो की नाही यावर तिची सगळी गोडी आहे. इथे घाई करू नका.

फिरणाऱ्या किंवा हेलकावणाऱ्या गोष्टी सर्वांत सोप्या. जातं घ्या. खुंटा कॅमेऱ्याच्या सर्वांत जवळ आला ते चित्र सुरुवातीचं. जातं एक फेरा पूर्ण करून खुंटा परत तिथे येतो. अनेक जण तिथेच शेवट करतात आणि मग जिफ दर फेऱ्याला किंचित अडखळते, कारण पहिलं आणि शेवटचं चित्र एकच असल्याने ते दोनदा दिसतं. शेवट त्याच्या एक चित्र आधी करा. एवढ्या एका चित्राने फेरा अखंड वाटू लागतो.

जात्याच्या बाबतीत आणखी एक बघावं लागतं. खुंटा परत जागेवर येतो, पण भोवती सांडणारं पीठ परत जात नाही. फेऱ्याच्या सुरुवातीला ढीग लहान, शेवटी मोठा, आणि सांध्याला पीठ अचानक कमी झाल्यासारखं दिसतं. म्हणून दळण बरंच झाल्यानंतरचा फेरा घ्या, तेव्हा एका फेऱ्याने ढिगात जाणवण्यासारखी भर पडत नाही. मूठभर दाणे घालायला हात आला असेल तो फेरा वगळा. असाच विचार प्रत्येक विषयात करायचा: मुख्य हालचाल परत येते, पण तिच्याबरोबर न परतणारं काय आहे? मेणबत्ती वितळते, चहा कमी होतो, मागून माणूस जातो, पंख्याने पडदा हलतो.

झोपाळा आणि लोलक यांना दुसरी युक्ती चालते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा अर्धाच हेलकावा घ्यायचा आणि पुढे तीच चित्रं उलट क्रमाने जोडायची. साधनांमध्ये हे बूमरँग किंवा पिंगपाँग नावाने मिळतं. सांधा आपोआप जुळतो. पण पाणी ओतणं, धूर, चालणारा माणूस, फोडणी यांना ही युक्ती लावू नका. पाणी वर चढताना दिसलं की पाहणाऱ्याचं लक्ष शिकण्यावरून उडतं.

मुखऱ्या पाडणं, निऱ्या घालणं, गाठ मारणं या कृती फिरून मूळ जागी येतच नाहीत. तिथे सांधा लपवायचा प्रयत्न सोडा. त्याऐवजी शेवटचं चित्र एक ते दीड सेकंद थांबवा. पाहणाऱ्याला झालेली कळी नीट दिसते, 'संपलं' हे समजतं, आणि मग परत सुरू झालेली कृती नवी फेरी म्हणून मनात बसते. शिकवण्याच्या जिफमध्ये हा थांबा मला सर्वांत उपयोगी वाटतो, आणि तोच बहुतेकांच्या जिफमध्ये नसतो.

लांबी किती? एका कृतीला दोन ते चार सेकंद. सहा सेकंदांच्या वर जायची गरज पडली तर तुमच्या हातात दोन कृती आहेत असं समजा आणि दोन जिफ करा. उकडीची पारी करणं एक, मुखऱ्या पाडणं दुसरी, कळ्या मिटवून टोक काढणं तिसरी.

रूपांतर: कोणतं साधन, कसं

घरच्यांना पाठवण्यापुरतीच हवी असेल तर वेगळं काही घ्यायची गरज नाही. व्हॉट्सॲपवर गॅलरीतून व्हिडिओ निवडा, पाठवण्याआधीच्या स्क्रीनवर वरची पट्टी दोन्ही टोकांनी ओढून क्लिप सहा सेकंदांच्या आत आणा, की जिफचा पर्याय दिसू लागतो. तो दाबून पाठवा. इथे व्हॉट्सॲप खरी जिफ बनवत नाही. आवाज काढलेला छोटा व्हिडिओ फिरवत ठेवतं. त्यामुळे रंग चांगले राहतात आणि वजनही कमी असतं. मात्र ती बाहेर काढून स्लाइडमध्ये किंवा ईमेलमध्ये जिफ म्हणून घालता येत नाही.

फाइल हवी असेल तर सुरुवातीला मी ईझीजिफ ही वेबसाइट सुचवेन. शोधताना इंग्रजीत ई-झेड-जी-आय-एफ अशी अक्षरं सलग टाइप करा. खातं उघडावं लागत नाही. पायऱ्या अशा:

१. वरच्या पट्टीतून 'व्हिडिओ टू जिफ' निवडा आणि क्लिप चढवा. फोनमध्ये आधीच दहा-पंधरा सेकंदांपर्यंत कापून घेतली असेल तर डेटा वाचतो.

२. व्हिडिओ दिसू लागला की सुरुवातीच्या क्षणापर्यंत चालवा, थांबवा, आणि 'स्टार्ट टाइम'समोरचं 'यूज करंट पोझिशन' दाबा. शेवटासाठीही तसंच. हे आकडे दशांशात हाताने बदलता येतात. सांधा जुळवताना ०.१ सेकंद पुढे-मागे करून बघा.

३. साइझमध्ये ४८० च्या आसपासची रुंदी निवडा. फ्रेम रेटमध्ये, म्हणजे सेकंदाला किती चित्रं तिथे, १० ठेवा. फोनचा व्हिडिओ ३० चा असेल तर दर तिसरं चित्र घेतलं जातं आणि हिशेब चोख बसतो. बोटांची चपळ हालचाल १० मध्ये तुटक वाटली तर २० करून बघा, वजन वाढेल हे धरून.

४. 'कन्व्हर्ट' दाबा आणि खाली आलेली जिफ निदान दहा फेरे बघा. पहिल्या दोन फेऱ्यांत सांध्याची अडखळ जाणवत नाही, नंतर मात्र ती डोळ्यात खुपू लागते.

५. 'क्रॉप'मध्ये जाऊन कडेचा निरुपयोगी भाग कापा. वजन कमी करण्याचा हा सर्वांत निरुपद्रवी मार्ग आहे.

६. सगळं मनासारखं झाल्यावरच वजन उतरवणाऱ्या 'ऑप्टिमाइझ'मध्ये जा. ते आधी केलं आणि मग परत कापाकापी केली तर दर्जा दोनदा मार खातो.

घरातल्या लहान मुलांची किंवा खासगी प्रसंगाची क्लिप मात्र कुठल्याही अनोळखी वेबसाइटवर चढवू नका. त्यासाठी आपल्या कॉम्प्युटरवर चालणारं साधन वापरा.

शेवटचं चित्र थांबवायला गिंप हा मोफत प्रोग्रॅम उत्तम. तयार जिफ त्यात उघडली की प्रत्येक चित्र एक लेअर, म्हणजे थर, म्हणून दिसतं, आणि लेअरच्या नावात कंसात वेळ लिहिलेली असते, मिलिसेकंदांत: १०० एमएस. सर्वांत वरचा लेअर म्हणजे शेवटचं चित्र. त्याच्या नावावर दोनदा क्लिक करून १०० च्या जागी १५०० लिहा. कंस आणि एमएस ही इंग्रजी अक्षरं तशीच राहू द्या. मग फाइल मेनूतून एक्स्पोर्ट करा, जिफ निवडा, आणि पुढे येणाऱ्या चौकटीत 'ॲज ॲनिमेशन' आणि 'लूप फॉरएव्हर' या दोन्हींवर खूण करा. पहिली खूण राहिली तर नुसतं स्थिर चित्र हाती येतं. मध्येच एखादं खराब चित्र असेल, समजा कोणाची सावली पडली, तर तेवढा लेअर काढून टाकून शेजारच्या लेअरची वेळ दुप्पट करा. कोणाला कळणारही नाही. एक खबरदारी: लेअर काढण्याआधी फिल्टर्समधल्या ॲनिमेशनखाली 'अनऑप्टिमाइझ' चालवा, नाहीतर पुढच्या चित्रांमध्ये भोकं पडतात, कारण ती मागच्या चित्रावर विसंबून असतात.

ज्यांच्याकडे फोटोशॉप आहे त्यांनी फाइल, इम्पोर्ट, 'व्हिडिओ फ्रेम्स टू लेअर्स' या वाटेने जावं आणि शेवटी 'सेव्ह फॉर वेब'मधून जिफ काढावी. लूपिंगच्या जागी 'फॉरएव्हर' निवडायला विसरू नका. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरची कृती दाखवायची असेल, उदाहरणार्थ ऑनलाइन अर्जात फोटो कुठे चढवायचा, तर विंडोजवर स्क्रीनटूजिफ हे मोफत साधन थेट स्क्रीनचा निवडलेला भाग टिपतं. स्क्रीनवर रंग सपाट असतात, त्यामुळे अशा जिफ फार हलक्या होतात.

दर आठवड्याला बऱ्याच जिफ करणाऱ्यांनी पुढे एफएफएमपेग हे साधन शिकून घ्यावं. त्यात आज्ञा टाइप कराव्या लागतात. तिथे दोन टप्पे करायचे: 'पॅलेटजेन' या फिल्टरने संपूर्ण क्लिप बघून तिला शोभणारे २५६ रंग आधी निवडायचे, आणि मग 'पॅलेटयूज'ने त्याच रंगांत जिफ रंगवायची. पहिला टप्पा गाळला तर साधन ठरावीक, सर्वसाधारण रंगसंच वापरतं आणि गव्हाळ त्वचेवर हिरवट-जांभळे डाग येतात. त्वचेचा रंग बिघडलेली जिफ दिसली की बहुतेक वेळा कारण हेच असतं. रंगांच्या बाबतीत सर्वांत सुंदर काम माझ्या मते गिफस्की हे मोफत साधन करतं. ते प्रत्येक चित्रासाठी वेगळा रंगसंच काढतं. फाइल मात्र जड होते.

फाइल जड झाली तर

या क्रमाने उतरत जा: आधी कडा कापा, मग लांबी कमी करा, मग रुंदी ४८० वरून ३६० वर आणा, मग सेकंदाला १० ची ८ चित्रं करा. एवढ्यावर भागलं नाही तरच रंगांना हात लावा. २५६ चे १२८ केले तर स्वयंपाकघरातल्या क्लिपमध्ये सहसा फरक कळत नाही; ६४ वर त्वचा बिघडू लागते.

रंगांबरोबर डिदरिंगचा प्रश्न येतो. पट्टे लपवण्यासाठी दोन रंगांचे ठिपके एकमेकांत मिसळून मधली छटा भासवायची, ही ती युक्ती. डोळ्याला बरं वाटतं, पण ओळीत सारखे ठिपके उरत नाहीत आणि वजन वाढतं. मागे आकाश किंवा भिंत असेल तर डिदरिंग चालू ठेवा. स्क्रीनची जिफ किंवा रेखाचित्र असेल तर बंद करा. ईझीजिफच्या ऑप्टिमाइझमधला 'लॉसी' पर्याय थोडी खरखर आणून बरंच वजन उतरवतो. तिथला आधीपासून ठेवलेला ३५ चा आकडा योग्य आहे, १०० च्या पुढे चित्र घाणेरडं होतं.

चित्रावर मराठी अक्षरं

बऱ्याच जिफ-साधनांमधली अक्षरं टाकायची सोय इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून केलेली असते. तिथे देवनागरी टाकली की काही ठिकाणी जोडाक्षरं सुटी पडतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, 'प्र'चा 'प्‌र' होतो. अशी जिफ तशीच पुढे पाठवू नका. स्वयंपाकाची असो की शाळेची, वाचणाऱ्याचा विश्वास तिथेच कमी होतो. सोपा उपाय म्हणजे अक्षरं जिफ करण्याआधी फोनवरच्या व्हिडिओ एडिटरमध्ये टाकायची. फोन देवनागरी नीट मांडतो, आणि एकदा ती चित्रात उतरली की पुढे मोडत नाहीत.

अक्षरं जाड घ्या. ४८० रुंदीत बारीक वळणाच्या फॉण्टचे अनुस्वार आणि रफार विरून जातात. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फॉण्ट गूगल फॉण्ट्सवर मोफत मिळतात; दोन्हींची जाड रूपं लहान आकारातही स्पष्ट वाचता येतात. पांढरी अक्षरं आणि भोवती काळी कड, किंवा अक्षरांमागे एकरंगी पट्टी. एका जिफवर चार-पाच शब्दांपेक्षा जास्त नकोत, कारण फेरा संपेपर्यंत ते वाचून व्हायला हवेत.

पाठवताना

व्हॉट्सॲपवर तयार जिफ गॅलरीतून पाठवली तर ती पुन्हा व्हिडिओत बदलली जाते. समोरच्याला मूळ फाइल हवी असेल तर डॉक्युमेंट म्हणून जोडा. हलता स्टिकर करायचा असेल तर तो वेगळा प्रकार आहे: वेबपी (WebP) या प्रकारची चित्रफाइल, ५१२ बाय ५१२ ठिपके, वजन ५०० केबीच्या आत.

ईमेलमध्ये जिफ बहुतेक ठिकाणी चालते, पण आउटलुकच्या काही जुन्या आवृत्त्या फक्त पहिलं चित्र दाखवतात. म्हणून पहिलं चित्र असं निवडा की ते एकटं दिसलं तरी अर्थ लागेल. पॉवरपॉइंटमध्ये जिफ चित्रासारखी टाका. स्लाइड शो सुरू झाला की ती फिरू लागते. वेबसाइटवर घालणार असाल तर एका पानावर चार-पाच जिफ एकदम फिरवू नका, वाचणाऱ्याला मजकुरावर लक्ष ठेवता येत नाही. वेबच्या सुगम्यतेचे, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे, जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत त्यांतही, मजकुराच्या शेजारी आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त हलणारं काही असेल तर ते थांबवण्याची सोय हवी, असं म्हटलं आहे. त्याच निकषांत एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारं काही दाखवू नये असंही आहे, कारण अशा लखलखाटाने काही जणांना अपस्माराचा झटका येऊ शकतो. फटाक्यांच्या आणि डीजेच्या दिव्यांच्या क्लिपांची जिफ करताना हे जरूर बघा. तिथे पाहणारा नजर हटवेपर्यंत दोन सेकंदांचा लखलखाट चालूच राहतो.

दुसऱ्याचा चेहरा असेल तर त्याला विचारा. व्हिडिओत ओझरता दिसलेला माणूस जिफमध्ये तीच मुद्रा शेकडो वेळा करत राहतो आणि अशी जिफ हातोहात पुढे जाते. शिकवण्याच्या जिफमध्ये तसंही बहुधा फक्त हात पुरतात.

मूळ क्लिप पुसू नका. जिफमधून गेलेले रंग आणि गाळलेली चित्रं परत मिळत नाहीत, आणि महिन्याभराने कोणीतरी तीच जिफ स्लाइडसाठी मोठ्या आकारात मागतं. क्लिप, तिची सुरुवात-शेवटाची वेळ आणि वापरलेली रुंदी एका फोल्डरमध्ये लिहून ठेवली तर नवी जिफ पाच मिनिटांत काढता येते.